ट्रॅम्पोलिनच्या स्प्रिंगा ओळीने लावू नयेत

वार्षिक परीक्षा संपून मुलांना सुट्टी लागली की आम्हा ट्रॅम्पोलिन विक्रेत्यांकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: शेवटच्या पंधरा-वीस स्प्रिंगा बसत नाहीत, तेव्हा मॅट (उड्या मारायचे कापड) लहान आली असावी. मॅट लहान नसते. एका स्प्रिंगशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी अशा ओळीने स्प्रिंगा लावत गेल्यास मॅट त्याच बाजूला ओढली जाते आणि समोरच्या बाजूची कडी व फ्रेमचे भोक यांतील अंतर इतके वाढते की दोन धट्टीकट्टी माणसेही ते मिटवू शकत नाहीत. सुरुवातीच्या स्प्रिंगा नुसत्या हातानेही भराभर बसतात, त्यामुळे चूक तासाभराने उमगते आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते.

आमच्या १२ फुटी ट्रॅम्पोलिनला ७२ स्प्रिंगा आहेत. फ्रेमची भोके आणि मॅटच्या कड्या या दोहोंवर खडूने एकाच दिशेने १ ते ७२ आकडे घालावेत. पहिली स्प्रिंग १ वर, दुसरी तिच्या बरोबर समोर ३७ वर, नंतर १९ आणि ५५ वर लावावी. त्यापुढे १० व ४६, मग २८ व ६४. म्हणजे दर वेळी मोकळ्या जागेचा मध्य साधायचा आणि लगेच त्याच्या समोरची स्प्रिंग लावायची. ४८ स्प्रिंगांच्या ८ फुटी ट्रॅम्पोलिनसाठी १, २५, १३ व ३७ हा आरंभ धरावा. मोजणीत एका कडीची चूक झाली, तरी एका भागात कड्या उरतात आणि दुसऱ्या भागात भोके.

स्प्रिंग ओढण्याचे आकडेदार हत्यार खोक्यातच असते; ते बहुधा पुठ्ठ्याबरोबर रद्दीत जाते. मग पकड आणि हातोडी बाहेर निघते व स्प्रिंगचा हूक उघडतो. असा हूक उघडलेली स्प्रिंग आम्ही फुकट बदलून देत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु ती तशीच वापरल्यास तेथे मॅट सैल राहते आणि उडी मारणारा मध्यावरून सरकत जातो. सन २००० पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या खेळात दहा कसरतींच्या संचाला गुण देताना खेळाडू मध्यापासून किती सरकला हेही २०१७ पासून मोजले जाते. घरी गुणांचा प्रश्न नाही, मात्र सरकणारे मूल कडेच्या स्प्रिंगांवर पडते. एका वेळी एकच जण, हा नियम त्यासाठीही सांगावा लागतो.

व्यायामाचे लहान ट्रॅम्पोलिन आम्ही जोडूनच देतो. मोठ्या ट्रॅम्पोलिनसाठी बडोदे शहरात आमचा कारागीर ठरावीक शुल्क घेऊन घरी येतो आणि मदतीला एक माणूस मिळाल्यास दोन तासांत काम उरकतो. सुट्या स्प्रिंगाही त्याच्याजवळ असतात. जागा सपाट आणि मोकळी असावी. गच्चीवर आम्ही ट्रॅम्पोलिन बसवून देत नाही, उत्तरायणाच्या पतंगबाजीच्या दोन दिवसांपुरतेसुद्धा.