खुलासा : आपले मूळ पुरुष निर्मनुष्य रानात उतरले नव्हते

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घागर भरतात, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवतात, सांजोरी-आंब्याचा नैवेद्य दाखवतात आणि गाव वसवणाऱ्या पूर्वजांची नावं घेतात. त्याच वेळी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ‘इथे आधी नुसतं जंगल होतं, आपल्या चार-पाच घरांनी ते तोडून गाव उभं केलं.’ तापीकाठच्या बहुतेक गावांबाबत हे खरं नाही.

प्रकाशे इथे तापी-गोमाईच्या संगमावर 1955 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. तापीकाठचं थाळनेर तर खान्देशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. मग जंगल आलं कुठून? 1802-03 मध्ये होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला, वर पेंढाऱ्यांचा उपद्रव. माणसं मेली, उरली ती परागंदा झाली, शेतांत झुडपं माजली. 1818 नंतर इंग्रजांनी तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन शेतकरी आणले, ते ओस पडलेल्या गावांत.

पांझरा नदीवरचे फड, म्हणजे एकाच बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे पट्टे, बघा. बंधाऱ्यातून पाट निघतो, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी पाटकरी सोडतो. ही घडी इंग्रजी अमलाच्या आधीची आहे.

आणि भिल्ल? ते इथेच होते, कित्येक गावांची राखण जागले म्हणून तेच करत. त्यांना वगळून गावाचा इतिहास सांगणं हा सरळ अन्याय आहे. आपल्या पूर्वजांनी मोडलेलं गाव पुन्हा उभं केलं, हे श्रेय काही लहान नाही. कुळाच्या स्मरणिकेत तेच छापावं, आणि जागल्यांच्या घराण्यांची नावंही.