पेन्सिल-खडूतलं कोकण: फिक्सेटिव्हच्या वादाची पार्श्वभूमी

परीक्षा-प्रदर्शनांसाठीच्या पेन्सिल-खडूच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसू नये म्हणून फवारायचं राळेचं द्रावण, सक्तीचं करावं का, असा वाद आहे. मध्यम रंगाच्या कागदावर काळ्या खडूने सावली आणि पांढऱ्याने उजेड, ही युरोपातली रीत आजच्या पेन्सिलीहून जुनी. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिल कडक-मऊ करण्याची कृती १७९५ सालची. मुंबईत १८५७ साली कलाशाळा निघाली. पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि वह्या घेऊन वाड्यांवर उतरणं सोपं झालं.

कोकणात खाकी कागद चांगला चालतो, कारण जांभ्या दगडाचा मधला रंग कागदच देतो. गडगा (दगडी कुंपण), मांगर (शेतातलं खोपटं), पाणंद (अरुंद वाट) यांची बांधणी मध्यम एचबी पेन्सिलीने, माडांखालची सावली मऊ, गडद ४बीने, खडू सगळ्यात शेवटी. खडू जिथे यायचा तिथे पेन्सिल फिरवू नये. ग्रॅफाइटने कागदाचा खरखरीतपणा भरून गेला की खडू धरत नाही आणि जो धरतो तो मेलेला करडा दिसतो. चुन्याच्या भिंतीवरचं ऊन तिथेच हातातून जातं.

खरा वाद फिक्सेटिव्हचा. मारा म्हणणाऱ्यांचं कारण रास्त आहे: न मारलेलं चित्र प्रवासात पुसतं. पण राळ खडूच्या कणांमधल्या हवेची जागा घेते, प्रकाश विखुरणं कमी होतं आणि पांढरा जवळजवळ पारदर्शक होतो. शाळेचा खडू बहुधा जिप्समचा. तो तर पार नाहीसा होतो. वर हवा दमट. फिक्सेटिव्ह म्हणून वापरायच्या लाखेच्या द्रावणातलं स्पिरिट झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे धरते आणि थर दुधी होतो. म्हणजे ४बीची सावली पांढुरकी आणि उन्हाचा पांढरा गायब, चित्र उलटंच झालं! जुन्या काळी फिक्सेटिव्ह म्हणून साय काढलेलं दूध फवारत. आपल्या पावसाळ्यात ते बुरशीला आमंत्रण.

म्हणून आधी फक्त पेन्सिलकामावर, कोरड्या दुपारी, हातभर अंतरावरून दोन पातळ फवारे मारावेत. पूर्ण वाळल्यावर खडू लावावा आणि तो तसाच सोडावा. परीक्षा-प्रदर्शनांसाठी सगळ्या चित्रावर फवारा सक्तीचा करणं आम्हाला पटत नाही. त्याऐवजी वर बटर पेपर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बांधल्या की पान सरकत नाही. पुसण्याचं मुख्य कारण घासणं. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवा, नाहीतर जूनमध्ये काचेला आतून दव येतं आणि खडू तिला चिकटतो.