मीटरभर उंच पाण्याचा दाब

रक्तदाबाचा खालचा आकडा ८० असतो, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तेवढाच दाब द्यायला पाण्याचा साधारण १०९ सेंटिमीटर उंच स्तंभ लागतो. खाटेवर निजलेल्या माणसाच्या वर सव्वा मीटरवर सलाइनची बाटली टांगली, की एवढा दाब सहज मिळतो. स्वीडनच्या हेल्मस्टीन यांनी याच हिशोबावर लघवीच्या पिशवीच्या कर्करोगावर उपचार उभा केला आणि १९७२ मध्ये ४३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला.

नळीच्या टोकाला बसवलेला फुगा मूत्रमार्गातून पिशवीत न्यायचा आणि आत पाणी भरत जायचं. दाब रुग्णाच्या खालच्या रक्तदाबापेक्षा थोडाच वर ठेवायचा, पाच-सहा तास. पाणी सगळीकडे सारखंच दाबतं, त्यामुळे पिशवीचा एकही कोपरा सुटत नाही. भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. बारीक देठावर आत लोंबणारी गाठ उपाशी राहून मरते. निरोगी भिंत मात्र तेवढे तास तग धरते. पिशवी इतकी ताणली की कळा असह्य होतात, म्हणून पाठीतून भूल द्यावी लागते. या भुलीने रक्तदाबही उतरतो, म्हणजे पाण्याचा दाबही कमी पुरतो. एकाच इंजेक्शनने दोन कामं साधणारी ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

पण ताणलेली पिशवी काही वेळा फाटायची. स्नायूत खोल रुजलेल्या गाठींपुढे फुगा हतबल ठरायचा. पुढे दुर्बिणीतून गाठ खरवडून काढण्याचं तंत्र सुधारलं. १९७६ मध्ये कॅनडात मोरालेस यांनी क्षयाची बीसीजी लस पिशवीत सोडून गुण येतो, हे दाखवलं. त्यासाठीची बीसीजी आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. कर्करोगासाठी फुगा मागे पडला, ते योग्यच झालं.

रक्तस्रावासाठी मात्र तो पुन्हा आठवला गेला. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी बाईला शेक, म्हणजे किरणोपचार दिलेला असतो. पिशवी अगदी शेजारी, त्यामुळे किरणं तिलाही लागतात. कधी कधी कित्येक वर्षांनी तिथल्या ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात, गुठळ्या अडकतात आणि लघवी तुंबते. आधी जाड नळी घालून गुठळ्या धुऊन काढतात. मग तुरटीचं पाणी सोडतात; दाढी करताना कापलं तर न्हावी फिरवतो तीच तुरटी. दुर्बिणीतून वाहिन्या जाळतात. एवढं करूनही रक्त थांबेना, तेव्हा काही डॉक्टरांनी हेल्मस्टीन यांचा फुगा वापरला. फुटलेली वाहिनी आतून दाबून धरायची, बोटाने जखम दाबावी तशी.

अशा रक्तस्रावावर दाबाचाच एक अगदी उलटा उपायही आहे. रुग्णाला बंद कक्षात बसवून हवेचा दाब नेहमीच्या दोन-अडीच पट वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. फुगा रक्त अडवतो. इथे रक्तात जादा ऑक्सिजन विरघळतो आणि शेकाने कोमेजलेल्या ऊतीपर्यंत पोचतो. तिथे नव्या केशवाहिन्या फुटू लागतात. नॉर्डिक देशांतल्या पाच रुग्णालयांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दीड-दीड तासाच्या ३० ते ४० बैठका झालेल्या रुग्णांचा लघवीचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी झाला होता.

लघवीतून रक्त आलं आणि काही दुखलं नाही, म्हणून कितीतरी जण महिनोन् महिने गप्प बसतात. पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा अशीच, न दुखणारी असते.