मांडीवरचं लेकरू आणि पाठमोरी सीट

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. बारसं उरकलं, सव्वा-दीड महिना झाला की लेकीला सासरी धाडायची तयारी सुरू होते. गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी आजोबा, मागे आजी, मावशी आणि बाळंतीण, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू. डिकीत बाळंतविडा, डिंकाच्या लाडवांचा डबा, पाळणा. लातूरहून नांदेड, बीडहून छत्रपती संभाजीनगर, असा हा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा पहिला मोठा प्रवास. सामान दोरीनं आवळलेलं असतं, पुढच्यांनी पट्टा लावलेला असतो. ज्याला कशानंच बांधलेलं नसतं ते एकटं बाळ.

‘मायच्या हातात आहे ना, मग काय भीती?’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. म्हणूनच त्याचा हिशोब एकदा मांडून बघायला हवा.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगानं जाणारी गाडी समोर आदळली की तिचं नाक चेपत जातं. हे चेपणं साधारण ६० सेंटिमीटर धरलं, तर गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात थांबते. आतल्या माणसालाही तेवढ्याच वेळात थांबायचं असेल, तर त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सरासरी १६ पट जोर येतो. सहा किलोचं बाळ त्या क्षणी जवळजवळ एक क्विंटलचं होतं. मोंढ्यात क्विंटलभर सोयाबीनचं पोतं पाठीवर घेणारे हमाल आहेत, पण बसल्या जागी, दोन हातांत, बेसावध असताना ते पोतं कोणीही झेलू शकत नाही. शिवाय धडक बसली हे मेंदूला कळून स्नायू आवळायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. समृद्धी महामार्गावर जालन्याहून नागपूरकडे निघालेली गाडी ताशी १००-१२० किलोमीटरनं धावत असते. तिथे आईची माया कमी पडत नाही, हातांची ताकद कमी पडते.

मांडीवरचा धोका एवढ्यावर थांबत नाही. आईनं पट्टा लावलेला नसेल, तर ती स्वतःच पुढे फेकली जाते आणि बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं. काही जणी दोघांना मिळून एकच पट्टा लावतात. तेव्हा आईच्या वजनाचा सगळा भार पट्टा आणि बाळ यांच्यावर येतो, हे तर अधिकच वाईट. बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसणं सगळ्यात घातक. एअरबॅग सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात फुगते. मोठ्या माणसाचं डोकं झेलण्यासाठी बनवलेली ही पिशवी बाळाच्या डोक्यावर हातोड्यासारखी बसते. पुढची एअरबॅग चालू असताना त्या जागेवर पाठमोरी बाळसीट, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे राहील अशी सीट, कधीही लावायची नाही. गाडीच्या सूर्यझडपेवर बाळाच्या चित्रावर काट मारलेलं लेबल असतं ते याचसाठी.

आता मुख्य मुद्दा, बाळाच्या मानेचा. बाळासाठी गाडीत लावायची कार सीट निवडताना लोक रंग, गादी, किंमत, चाकांचा स्टँड मिळतो का हे बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न एकच असावा: बाळाचं तोंड कुठल्या दिशेला राहणार?

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास चौथा भाग असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. वजनाचंही तसंच. बाळाच्या अंगातलं मोठं वजन डोक्यात असतं आणि ते पेलणारी मान अजून तयार व्हायची असते. मोठ्यांच्या मानेचा प्रत्येक मणका एकसंध हाडाचा असतो. बाळाचा मणका हाडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे कूर्चेनं, म्हणजे कानाच्या पाळीत वरच्या बाजूला हाताला लागते तशा मऊ लवचीक पेशीजालानं, जोडलेले असतात. हे तुकडे साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान सांधतात. अस्थिबंधही सैल असतात. त्यामुळे जोराचा ओढा बसला तर बाळाचा कणा न तुटता पाच सेंटिमीटरपर्यंत ताणला जाऊ शकतो, पण त्याच्या आतून जाणारा मज्जारज्जू एक सेंटिमीटरही ताण सहन करत नाही. हाडाला काही झालेलं नाही आणि आतला रज्जू तुटलेला, असं लहान मुलांत घडतं ते यामुळे. तान्ह्या बाळाला उचलताना मानेखाली हात घालायची शिकवण आपल्या आज्यांनी दिली, ती शरीरशास्त्राच्या दृष्टीनं अगदी नेमकी आहे.

पुढे तोंड करून बसलेल्या बाळाच्या गाडीला समोरून धडक बसली, की पट्टे छाती-खांदे धरून ठेवतात, पण डोकं मोकळं असतं. ते पुढे झेपावतं आणि सगळा ओढा मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये, म्हणजे बाळाची पाठ रस्त्याकडे आणि तोंड मागच्या काचेकडे असताना, डोकं, मान आणि पाठ तिन्ही एकत्र सीटच्या पाठीत दाबले जातात. जोर तोच, पण तो सगळ्या पाठीवर पसरतो आणि डोकं धडापासून वेगळं हलत नाही.

ही कल्पना अंतराळवीरांकडून आली. स्वीडनचे डॉक्टर आणि सुरक्षा-संशोधक बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानातल्या अंतराळवीरांची आसनं बघितली. उड्डाणाचा प्रचंड जोर ते पाठीवर घेत होते. तेच तत्त्व लहान मुलांसाठी वापरून १९६४मध्ये पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना व्होल्व्होच्या गाडीत तपासला गेला. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसवायची रीत आहे. योग्य सीट नीट वापरली, तर प्रवासी गाड्यांच्या अपघातांत तान्ह्या बाळांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतात, असं अमेरिकेतल्या अपघातांच्या अभ्यासातून दिसलं आहे.

‘मागून ट्रकनं ठोकलं तर?’ हा प्रश्न हमखास येतो. मागून धडक देणारं वाहन आणि आपली गाडी सहसा एकाच दिशेनं जात असतात, म्हणून बसणारा झटका समोरच्या धडकेपेक्षा बहुधा कमी असतो. आपल्याकडे गळीत हंगामात रात्री रस्त्याकडेला दिव्याविना उभी राहिलेली उसाची ट्रॉली आठवा. तिच्यावर मागून आदळणाऱ्या गाडीसाठी ती समोरासमोरचीच धडक असते. घाबरायचं ते याला.

दुकानात किंवा ऑनलाइन सीट बघताना आधी तिच्या पाठीवरचं नारिंगी लेबल शोधा. त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि एक आकडा असतो, शिवाय ‘आर४४/०४’ किंवा ‘आर१२९’ हे युरोपीय मानकाचं नाव. भारतातलं मानक एआयएस-०७२, तेही चालेल. गाडीच्या सीटला मागून नुसत्या कापडी पट्ट्यांनी बांधायचे झोळीवजा प्रकार स्वस्तात मिळतात, त्यांवर यातलं काहीच नसतं. ते घेऊ नका. पैसे वाया जातात हे एक, आणि बाळ सुरक्षित आहे असा खोटा दिलासा मिळतो हे त्याहून वाईट.

जुन्या, म्हणजे आर४४ मानकात सीटचे गट वजनावर आहेत. तान्ह्यांसाठीचा ‘शून्य प्लस’ गट १३ किलोपर्यंत. आर१२९ हे मानक उंचीवर चालतं आणि किमान १५ महिन्यांपर्यंत बाळ पाठमोरंच ठेवायला सांगतं. आपली बाळं साधारण अडीच-तीन किलोची जन्मतात. त्यामुळे १३ किलो गाठायला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. मात्र वजनाआधी उंची संपते. डोक्याचं टाळू सीटच्या कडेपर्यंत येऊन पोचलं की ती सीट लहान झाली. पाय मागच्या सीटला टेकतात, गुडघे दुमडतात, म्हणून लोक घाईनं बाळाला पुढे वळवतात. पाय दुमडून बसणं मुलांना त्रासाचं नसतं. टाळू बघा, पाय नको.

घर वाढतं असेल, दुसऱ्याचा विचार असेल, तर दोन वाटा आहेत. एक, फक्त तान्ह्यासाठीची टोपलीसारखी सीट. ही लहान, हलकी, झोपलेल्या बाळासकट काढता येते आणि नवजाताच्या अंगाला चांगली बसते. दोन, पाठमोरी आणि नंतर पुढे तोंड करून दोन्ही तऱ्हेनं वापरता येणारी मोठी सीट. एकाच खर्चात चार वर्षं निघतात हे खरं, पण अडीच किलोचं बाळ तिच्यात सैल पडतं का हे बाळाला बसवूनच कळतं. दोन मुलांत दोन-अडीच वर्षांचं अंतर ठेवायचा बेत असेल, तर मी पहिल्यासाठी टोपली आणि मग मोठी सीट घ्यायला सांगेन. थोरलं मोठ्या सीटमध्ये जातं, धाकटं टोपलीत येतं, आणि दोन्ही सीट कामात राहतात.

गाडीत सीट दोन प्रकारे बसते. नव्या गाड्यांत मागच्या सीटच्या फटीत ६ मिलिमीटर जाडीचे दोन पोलादी दांडे असतात, एकमेकांपासून २८० मिलिमीटरवर. याला आयसोफिक्स म्हणतात. सीटचे आकडे त्यात खटकन बसतात आणि हिरवी खूण दिसते. चूक व्हायला जागा कमी, एवढाच त्याचा मोठेपणा. जुन्या गाडीत नेहमीच्या तीन टोकी पट्ट्यानं सीट बांधता येते आणि नीट बांधली तर तीही सुरक्षित असते. पाठमोऱ्या सीटवर पट्टा कुठून न्यायचा ते निळ्या खुणांनी दाखवलेलं असतं, पुढे तोंड असेल तर लाल खुणांनी. पट्टा ओवून झाला की सीटवर गुडघा ठेवून वजन द्या आणि पट्टा खेचा. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून सीट डावी-उजवीकडे हलवा. एका इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बांधा. सपाट जागेवर गाडी उभी करूनच हे करा, कारण सीटचा कल उतारावर चुकतो.

हा कल साधा विषय नाही. तान्ह्याची सीट फार उभी झाली, तर डोकं पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, ती दुमडून श्वास अडू शकतो आणि बाळ रडतही नाही. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत सीट साधारण ४५ अंशांत कललेली हवी, आणि मागच्या सीटवर कोणीतरी शेजारी बसून बाळाकडे बघत राहायला हवं. आजीचं खरं काम इथे आहे. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचा श्वास आणि ऑक्सिजन सीटमध्ये बसवून तपासावा, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आपल्या डॉक्टरांशी घरी निघण्याआधीच याबद्दल बोलून घ्या. लांबच्या प्रवासात दर दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढा, दूध पाजा, आडवं झोपवा. सीट घरात पाळण्याऐवजी वापरू नका.

पट्टे बाळाच्या अंगाला लागून हवेत. पाठमोऱ्या सीटमध्ये ते खांद्याच्या उंचीवरून किंवा किंचित खालून निघावेत. लावून झाल्यावर खांद्याजवळ पट्टा उभा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी येत असेल तर अजून आवळा. दुपटं, झबल्यावरचं जाड स्वेटर, गोधडी हे पट्ट्याच्या आत नको. धडकेत कापूस-लोकर दबते आणि पट्टा तेवढाच सैल पडतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं.

आणि आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो. बंद गाडीच्या आत तो पहिल्या दहा मिनिटांत आणखी दहा अंशांच्या आसपास चढतो, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेलं बाळ गाडीत ठेवणं कधीच नाही. उन्हात उभ्या गाडीत बकलाचं लोखंड चटका देतं, त्यामुळे बाळाला ठेवण्याआधी स्वतःचा हात लावून बघा. गाडी उन्हात असेपर्यंत सीटवर पांढरं सुती कापड टाकून ठेवलं तर बराच फरक पडतो.

दोन मुलं, आजी-आजोबा आणि तुळजापूर-माहूरचं देवदर्शन असा बेत असला की जागा पुरत नाही. बहुतेक गाड्यांत आयसोफिक्स मागच्या दोन बाजूंनाच असतं आणि मधे फक्त कमरेचा पट्टा असतो, निदान जुन्या गाड्यांत. दोन सीट लावल्यावर मधे मोठं माणूस अवघडून बसतं. म्हणून दोन मुलांच्या घरानं गाडी घेताना शोरूममध्ये आपली सीट नेऊन लावून बघावी. दारातून ती जाते का, पाठमोरी लावल्यावर पुढच्याला गुडघे मुडपून बसावं लागतं का, हे तिथेच कळतं. गाडीच्या धडक-चाचणीचे तारे बघताना मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे बघा. भारत एनकॅप ही गाड्यांच्या धडक-चाचणीची सरकारी योजना ऑक्टोबर २०२३पासून ते स्वतंत्रपणे देते. कायदाही आता स्पष्ट आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळसीट न लावता गाडी चालवली तर १००० रुपये दंड आहे.

भावकीत, मैत्रिणींत सीट एकीकडून दुसरीकडे जाते, ते चांगलंच आहे. घेणाऱ्यानं तीन गोष्टी विचाराव्यात: किती जुनी, कधी अपघातात होती का, आणि माहितीपुस्तिका आहे का. प्लास्टिक आपल्या उन्हात वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. बऱ्याच कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात आणि तारीख सीटच्या पाठीवर कोरलेली असते. अपघातात सापडलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी तिच्या सांगाड्यात न दिसणारी चीर असू शकते. ती माळ्यावर ठेवू नका, भंगारवाल्याला देतानाही आधी कात्रीनं पट्टे कापा आणि सीटवर मार्करनं ‘अपघातात वापरलेली, खराब’ असं ठळक लिहा, म्हणजे कोणा दुसऱ्याच्या बाळाखाली ती पुन्हा येणार नाही.