‘एकही हार्ड डिस्क सापडली नाही’: विंडोज टाकताना वेगळा ड्रायव्हर का मागितला जातो?

अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल कोअर प्रोसेसर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकायला घेतली, की डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी येते. एसएसडी ठणठणीत असते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिचं नाव, मॉडेल, क्षमता सगळं दिसतं. सेटअपला मात्र ती दिसत नाही, आणि हाताशी उरतं ते ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण, म्हणजे डिस्कशी बोलायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर वेगळं देण्याची सोय. अनेकांना हे नव्या लॅपटॉपचं दुखणं वाटतं. पण मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या पीसीवर ज्यांनी विंडोज एक्सपी टाकली आहे, त्यांनी हाच निरोप निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत वाचलेला आहे.

यामागची अडचण मुळात एकच आहे. संगणक सुरू होताना पहिल्या फाइली बायोसच्या मदतीने वाचल्या जातात. डिस्क कुठे आणि कशी जोडली आहे हे बायोसला ठाऊक असतं, म्हणून इथवर काही अडत नाही. मग कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ताबा घेतं आणि बायोस बाजूला होतो. इथून पुढे डिस्कच्या कंट्रोलरशी, म्हणजे ती चालवणाऱ्या चिपशी, बोलायला कर्नलकडे स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल, तर दोन सेकंदांपूर्वी बायोस जी डिस्क वाचत होता तीच कर्नलसाठी अस्तित्वात नसते.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हा हा प्रश्न सर्व्हरपुरता होता. स्कझी (सर्व्हरच्या डिस्क जोडण्याची पद्धत) आणि रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून वापरण्याची सोय) कार्डांचे ड्रायव्हर कार्डासोबत फ्लॉपीवर येत आणि ते कसे द्यायचे हे सर्व्हर बसवणाऱ्यांना माहीत असे. घरच्या पीसीत आयडीई या जुन्या जोडणीची डिस्क असायची, तिचा ड्रायव्हर विंडोजमध्येच होता. त्यामुळे सेटअप सुरू होताना पडद्याच्या तळाशी काही क्षण झळकणाऱ्या ‘वेगळा ड्रायव्हर द्यायचा असल्यास एफ६ दाबा’ अशा अर्थाच्या ओळीकडे कुणाचं लक्षही जात नसे.

ते चित्र पालटलं ते आयडीईच्या जागी आलेल्या सॅटा या नव्या जोडणीमुळे. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली, सॅटाचं पहिलं मानक २००३ चं आणि सॅटा कंट्रोलरने ऑपरेटिंग सिस्टीमशी कसं बोलायचं हे ठरवणारं एएचसीआय २००४ चं. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर असणं शक्यच नव्हतं, त्याबद्दल तिला दोष देता येत नाही.

मग एफ६ ची कसरत आली. ती ओळ झळकली की लगेच कळ दाबायची. दाबल्यावर पडद्यावर काहीच घडत नसे, त्यामुळे दाबली गेली की नाही हेही कळत नसे. बऱ्याच वेळाने विचारणा आली की ‘एस’ दाबायचं, ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालायची आणि यादीतून आपला नेमका चिपसेट निवडायचा. यादीत एकमेकांसारखी दिसणारी सात-आठ नावं असत आणि चुकीचं निवडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरूनच घेतला जाई. सीडी किंवा पेनड्राइव्ह चालत नसे. लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह हद्दपार होत होता नेमक्या त्याच वर्षांत ही अट होती. यूएसबीवरची फ्लॉपी घेतली, तरी सेटअप मोजकीच मॉडेल ओळखायचा. नेटाने शोधणारे एनलाइटसारखं साधन वापरून ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळून घेत. बाकीच्यांनी सोपा रस्ता धरला: बायोसमध्ये जायचं, सॅटा मोड एएचसीआयवरून आयडीई करायचा आणि विंडोज टाकून मोकळं व्हायचं.

या सोप्या रस्त्यावर अजूनही वाद होतो. आयडीई मोडमध्ये सॅटा कंट्रोलर जुन्या आयडीई कंट्रोलरचं सोंग घेतो, म्हणून एक्सपीला तो ओळखता येतो. बदल्यात एनसीक्यू जातं, म्हणजे डिस्कला एका वेळी ३२ पर्यंत आज्ञा देऊन त्यांचा क्रम तिच्यावर सोपवण्याची सोय. चालू संगणकात डिस्क काढण्या-घालण्याची सोय जाते. लॅपटॉपमध्ये डिस्कला काम नसताना सॅटाची जोडणी निजवून वाचणारी वीजही जाते. घरच्या पीसीवर फिरत्या डिस्कला याचा फरक फारसा जाणवत नसे, हे खरं आहे. त्यामुळे ज्या दुकानदाराला संध्याकाळपर्यंत संगणक परत द्यायचा होता, त्याने आयडीई मोड लावला म्हणून त्याला बोल लावणं मला पटत नाही. खरा खर्च पुढे निघाला. काही वर्षांनी कुणीतरी बायोस ‘नीट’ करायला म्हणून एएचसीआय मोड लावी आणि विंडोज सुरू होतानाच ७बी या क्रमांकाची निळी चूक येई, म्हणजे बूट होण्यासाठी लागणारी डिस्कच सापडत नाही. अशा वेळी ‘हार्ड डिस्क उडाली’ असं निदान करून चांगल्या डिस्क बदलल्या गेल्या. बायोसच्या यादीत डिस्कचं नाव दिसतं का, एवढं आधी पाहिलं असतं तर तो खर्च टळला असता.

दोष द्यायचाच तर तो मायक्रोसॉफ्टमधल्या वरच्या पातळीवरच्या निर्णयाला द्यावा लागतो. एक्सपीचं दुसरं सर्व्हिस पॅक ऑगस्ट २००४ मध्ये आलं, तिसरं २००८ मध्ये. तिसरं आलं तोवर नव्या संगणकांत सॅटाच असे, तरीही त्यात एएचसीआयचा ड्रायव्हर घातला गेला नाही. समर्थन असं केलं जातं की सर्व्हिस पॅक दुरुस्त्यांसाठी असतं, नव्या हार्डवेअरची सोय करणं हे कंट्रोलर बनवणाऱ्याचं काम, आणि ज्याला एएचसीआय हवं त्याच्यासाठी व्हिस्टा होतीच. हे समर्थन टिकत नाही. याच एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकने २००२ मध्ये यूएसबी २.० ची आणि १३७ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कची सोय दिली होती, दुसऱ्याने ब्लूटूथची. म्हणजे गरज वाटली तेव्हा नवं हार्डवेअर सर्व्हिस पॅकमध्ये बसलं होतं. शिवाय एक्सपी तेव्हा अडगळीत गेली नव्हती. नेटबुकवर ती २०१० पर्यंत नव्याने विकली जात होती, आणि नेटबुकला ना सीडी ड्राइव्ह ना फ्लॉपी. एक छोटा ड्रायव्हर सीडीत न घातल्याने जे काम वाढलं, ते वर्षानुवर्षं दुकानदारांनी आणि घरच्या जाणत्या मुलांनी उपसलं.

व्हिस्टाने २००७ मध्ये दोन गोष्टी सुधारल्या: एएचसीआयचा ड्रायव्हर आत आला आणि बाकीचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून देता येऊ लागले. विंडोज ७ ला पुढे असाच ठेचकाळण्याचा प्रसंग आला. २०१५ मधल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत आलेल्या चिपसेटमधून जुना यूएसबी २.० कंट्रोलर गेला आणि सेटअपमध्ये यूएसबीचा कीबोर्ड-माउसच चालेना. २०१६ मध्ये एका कंपनीचे काही लॅपटॉप गाजले ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या बायोसमध्ये डिस्क रेड मोडलाच जखडली होती, एएचसीआयचा पर्यायच नव्हता, त्यामुळे लिनक्सला एसएसडी दिसत नव्हती. ओरड झाल्यावर पर्याय देणारा बायोस निघाला.

आजच्या रिकाम्या यादीचं कारण इंटेलचं व्हीएमडी. ही सोय मूळची सर्व्हरची: अनेक एनव्हीएमई डिस्क (आजच्या वेगवान एसएसडी) एका कंट्रोलरमागे घ्यायच्या, त्यांचं रेड करायचं, चालू यंत्रात त्या बदलायच्या. २०२० मध्ये अकराव्या पिढीसोबत ती लॅपटॉपमध्ये आली आणि अनेक कंपन्यांनी ती बायोसमध्ये चालू ठेवूनच माल पाठवला. एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये ८.१ पासून आहे, पण डिस्क व्हीएमडीच्या मागे गेली की तो तिच्यापर्यंत पोचत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये एकच एसएसडी बसते त्यात रेड कशाचं करणार? एका डिस्कच्या यंत्रावर हा पर्याय आपणहून चालू ठेवण्याचं पटण्यासारखं कारण मला दिसत नाही.

उपाय दोन, आणि त्यांवर पुन्हा तोच जुना वाद. व्हीएमडी बंद केलं की डिस्क लगेच दिसते; नव्याने सगळं टाकायचं असेल तर हाच मार्ग सरळ. काही लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो आणि बायोसमध्ये कंट्रोल-एस दाबल्यावरच उघडतो. आधीची विंडोज ठेवायची असेल तर मात्र त्याला हात लावू नये, कारण ती व्हीएमडीसकट टाकलेली असते आणि बंद करताच बूट होणं थांबतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर रिकव्हरी कीही मागितली जाऊ शकते.

दुसरा उपाय इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे व्हीएमडी ओळखणारा, ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून देण्याचा. पूर्वी तो झिप फाइलमध्ये मिळे, नावात ‘एफ६’ आणि ‘फ्लॉपी’ दोन्ही असलेल्या. उघडली की काम झालं. नंतर तो इन्स्टॉलरच्या एक्झी फाइलमध्ये गेला, आणि सेटअपला एक्झी कळत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट ड्रायव्हर्स’चा आदेश देऊन आतल्या फाइली बाहेर काढाव्या लागतात. घरात एकच लॅपटॉप, आणि तोच बंद पडलेला, अशा विद्यार्थ्याने हा दुसरा संगणक कुठून आणायचा, याचा विचार ती फाइल तशी बांधताना झालेला दिसत नाही.