खेळरचना-शिक्षण, महाविद्यालयीन (गोवा)

व्हिडिओ गेमची कल्पना, नियम, चित्रे, ध्वनी व प्रोग्रॅम यांची सांगड घालून चालता खेळ उभा करण्याचे शिक्षण. गोव्यातील महाविद्यालयांत असा अभ्यासक्रम आखताना कोणते प्रश्न पुढे येतात, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

या शिक्षणाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. कॅनडातील व्हँकूवर येथे डिजिपेन संस्थेने निन्तेन्दो या व्हिडिओ गेम कंपनीच्या सहकार्याने १९९४ मध्ये गेम-प्रोग्रॅमिंगची दोन वर्षांची पदविका सुरू केली. काही जण पहिलेपणाचा मान तिला देतात. स्कॉटलंडमधील डंडी येथील अबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणकीय खेळांची पदवी सुरू केली, ती आद्य होय असे दुसरे मत. डिजिपेनला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्येच पदवीची परवानगी दिली होती. मात्र त्या राज्यातील रेडमंड येथील वर्ग १९९८ मध्ये भरले. तेव्हा शिकवण्याचा आरंभ डिजिपेनकडे आणि विद्यापीठीय पदवीचा अबर्टेकडे, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते. लक्षणीय बाब अशी, की डिजिपेनच्या त्या पदवीच्या नावात ‘गेम’ हा शब्दच नव्हता. ‘रिअल-टाइम इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन’ असे तिचे नाव होते. भारतात राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रातील डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम विशेष उल्लेखनीय आहे.

नावाचा प्रश्न गोव्यात अधिक टोकदार होतो. येथील सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशिनना आणि १९९६ च्या सुमारास नौकांवरील कॅसिनोंना वाट मोकळी झाली. तेव्हापासून पणजीत ‘गेमिंग’ म्हटले की मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे डोळ्यांपुढे येतात. मुलगी ‘गेमिंग’ शिकणार असे ऐकून आईवडिलांच्या कपाळाला आठी पडते ती याच कारणाने, आणि त्यांची ती काळजी रास्त आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे काढले. शब्दाचा गुंता मात्र त्याने सुटलेला नाही. अभ्यासमंडळाने शीर्षकात ‘गेमिंग’ टाळून ‘खेळरचना’ किंवा ‘गेम डिझाइन’ वापरणे केव्हाही इष्ट.

केंद्र सरकारच्या अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग व कॉमिक्स कृतिदलाने २०२२ च्या अहवालात या क्षेत्रासाठी मान्यताप्राप्त पदव्यांची शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्याच वर्षीच्या पदवी-अभ्यासक्रमाच्या आराखड्यात कौशल्यवृद्धी विषयांना एकूण ९ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एक श्रेयांक व्याख्यानांचा (१५ तास) व दोन प्रात्यक्षिकांचे (प्रत्येकी ३० तास) धरल्यास तीन श्रेयांकांच्या विषयाला ७५ तास मिळतात. एवढ्यात एक छोटा खेळ पुरा होतो, मोठा होत नाही. बीसीएचा विद्यार्थी, पणजीत आल्तिनो येथील कला महाविद्यालयातला चित्रकार आणि मराठी-कोकणीत लिहिणारा असे तिघे एका गटात बसले तर त्या तासांचे चीज होते. त्यासाठी महाविद्यालयांची वेळापत्रके जुळावी लागतात.

पहिले काही आठवडे संगणकाला हात न लावता कागदी नमुने करावेत, असा शिक्षकांत सामान्यतः कल दिसतो. उदाहरणार्थ लगोरी. चपट्या ठिकऱ्यांची चळत, चेंडू, दोन गट. नियम चार ओळींत मावतात. पडद्यावर आणताना अडचण कळते: चळत पुन्हा रचताना बोटांना लागणारी घाई आणि पाठीत चेंडू बसण्याची धास्ती त्या चार ओळींत कुठेच नसते. हुनिक, लेब्लांक व झुबेक यांनी २००४ मध्ये मांडलेली नियम, वर्तन व अनुभव ही त्रिस्तरीय चौकट येथे उपयोगी पडते. रचनाकार नियम लिहितो, खेळणाऱ्याच्या पदरी अनुभव पडतो; मधला स्तर प्रत्यक्ष खेळवून पाहिल्याखेरीज दिसत नाही. कोयंडोबाल (विटीदांडू) हाही असाच चांगला धडा.

इंजिनाची, म्हणजे खेळ ज्यावर उभा करतात त्या सॉफ्टवेअरची, निवड गोव्याच्या दृष्टीने निव्वळ तांत्रिक नाही. देवनागरीत जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसवणारी आकारण-यंत्रणा इंजिनात नसेल, तर ‘किल्ला’ या शब्दातली वेलांटी ‘क’च्या आधी न बसता नंतर जाऊन पडते आणि ‘ल्ल’ फुटून पहिल्या ‘ल’खाली हलन्त उघडा राहतो. गोडो या मुक्त इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीत हा दोष होता. मार्च २०२३ मधील चौथ्या आवृत्तीत हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रणेच्या आधारे तो दूर झाला. युनिटी या दुसऱ्या इंजिनातील मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोवरही दीर्घकाळ विद्यार्थ्यांना बाहेरची जोड लावावी लागे. आपले अक्षर फुटलेले पाहून मुले खेळ इंग्रजीत करून टाकतात. ही हानी अभ्यासक्रमाने थांबवलीच पाहिजे. राजभाषा कायद्यान्वये (१९८७) कोकणीबरोबर मराठीचाही वापर होणाऱ्या राज्यात पहिल्याच प्रात्यक्षिकात देवनागरी वाक्य पडद्यावर आणायला लावावे. युनिटीने २०२३ मध्ये जाहीर केलेले प्रति-इन्स्टॉल (खेळ प्रत्येक यंत्रावर उतरवण्यामागे आकारायचे) शुल्क वर्षभरात मागे घेतले खरे, पण शुल्काशिवाय मिळणाऱ्या गोडो व ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर) यांवर पाया घालण्याच्या बाजूने तो प्रसंग बोलका ठरतो.

ध्वनीसाठी घुमट (मातीच्या घड्याचे चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) व कांसाळे (झांजा) ही गोव्याची वाद्ये हाताशी आहेत. घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली.