विखुरलेल्या दुव्यांचे सांघिक कोडे

पाच ते आठ जणांनी मिळून सोडवायचे तर्ककोडे. उत्तराकडे नेणारे दुवे सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून गटात वाटतात. आपली चिठ्ठी कितीही वेळा मोठ्याने वाचावी, पण ती कोणाला दाखवायची नाही आणि हातातही द्यायची नाही. कोणा एकाच्या चिठ्ठ्यांवरून उत्तर निघता कामा नये, या अटीवर सारा खेळ उभा असतो.

एकट्याने सोडवायच्या तर्ककोड्यांत पाच घरांचे कोडे सर्वाधिक प्रसिद्ध आहे. ते १७ डिसेंबर १९६२ रोजी ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकात छापून आले. आइन्स्टाइनने ते रचले असे सर्रास सांगतात, पण त्याला पुरावा नाही. पाच घरे आणि प्रत्येकाचे पाच गुणधर्म धरले की २,४८८ कोटींहून अधिक मांडण्या संभवतात. १५ विधानांतून त्यांतली एकच उरते. सांघिक प्रकारात तर्क याहून पुष्कळ सोपा ठेवतात. इथली खरी अडचण ऐकण्याची असते. सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या माहितीवर गट जास्त बोलतो आणि एकाकडेच असलेली माहिती मागे पडते, हे स्टॅसर व टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगाने दाखवले.

पुण्यातल्या गटासाठी एक छोटा नमुना : अनघा, मंदार आणि वेदा हे तिघे कसबा, नारायण आणि सदाशिव या वेगवेगळ्या पेठांत राहतात. रविवारी ते सिंहगड, राजगड आणि लोहगड अशा वेगवेगळ्या गडांवर गेले. सिंहगडावर कोण गेले? चार चिठ्ठ्या अशा : अनघा नारायण पेठेत राहते. सदाशिव पेठेतली व्यक्ती लोहगडावर गेली. मंदार लोहगडावर गेला नाही. कसबा पेठेतली व्यक्ती राजगडावर गेली नाही.

मंदार लोहगडावर गेला नाही, म्हणजे तो सदाशिव पेठेतला नाही. नारायण पेठेत अनघा आहे, म्हणून तो कसब्यातला. राजगड आणि लोहगड दोन्ही वगळल्यावर त्याच्या वाट्याला सिंहगडच उरतो. चारांपैकी एकाही चिठ्ठीत सिंहगडाचे किंवा वेदाचे नाव नाही. म्हणूनच व्यक्ती, पेठा आणि गड यांची पूर्ण यादी सुरुवातीलाच फळ्यावर लिहावी लागते.

सहा जणांसाठी १८ ते २४ चिठ्ठ्या आणि २५ मिनिटे पुरतात. कोडे रचताना आधी उत्तराचा तक्ता भरावा आणि त्यावरून दुवे काढावेत. मग एकेक दुवा बाजूला ठेवून कोडे पुन्हा सोडवावे. तरीही तेच एक उत्तर आले, तर तो दुवा फाजील आहे. असे दोन-तीन फाजील दुवे मुद्दाम ठेवायला हरकत नाही. मात्र प्रत्येकाकडे किमान एक अटळ दुवा असावा आणि एकमेकांना जोडणारे दुवे एकाच हातात पडू नयेत. त्यामुळे चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसून वाटणे चूक. वाटप आधी ठरवून पाकिटे करावीत.

मराठीत रचताना क्रियापदे जपावीत. ‘राजगडावर गेलेला’ असे लिहिले की तो पुरुष आहे हे फुकट कळते; ‘व्यक्ती’ हा शब्द ती गळती थांबवतो. पुण्यात वार आणि पेठा एकाच कोड्यात घेऊ नयेत, कारण ‘बुधवारी’ आणि ‘बुधवारात’ (म्हणजे बुधवार पेठेत) गलक्यात सारखेच ऐकू येतात. वाड्यातल्या खोल्यांची रांग असेल, तर डावी-उजवी बाजू रस्त्यावरून वाड्याकडे पाहताना धरायची, हे आधी सांगावे.

गट अडकतो तो बहुधा दोन ठिकाणी. ‘नाही’ असलेली चिठ्ठी निरुपयोगी वाटून ती हातात धरणारा गप्प राहतो. वरच्या नमुन्यात तर दोन दुवे नकारार्थीच आहेत. दुसरे म्हणजे, पहिल्या फेरीत सगळे वाचून टाकतात आणि नंतर कोणीच पुन्हा वाचत नाही. पहिल्यांदा ऐकताना ज्या वाक्याला अर्थ नव्हता, तेच तक्ता अर्धा भरल्यावर निर्णायक ठरते, त्यामुळे दुसरी फेरी अत्यावश्यक आहे. लिहिण्याची मुभा दिली तर खडू एकाच्याच हाती राहतो आणि बाकीचे त्याला माहिती पुरवत बसतात. म्हणून दर पाच मिनिटांनी लिहिणारा बदलावा. संचालकाने मध्ये बोलू नये. गट पूर्ण थांबला तर ‘कोणाची चिठ्ठी अजून वापरली गेली नाही?’ एवढेच विचारावे.